बेण्याला सारखी ऊब : उष्ण-बाष्प संचातील तापमान-नियंत्रक कसा जुळवावा

(अभ्यास-लेख)



लागणीचा ऊस बरा आला पण खोडवा बसला, ही तक्रार आपल्याकडे दरवर्षी ऐकू येते. कोणी पाण्याला दोष देतो, कोणी खताला, कोणी वावराला. पाण्या-खताचा दोष असतोही. पण पुष्कळदा दोष त्याच्या आधीचा असतो. तो बेण्यातून आलेला असतो, आणि बेणे वरून पाहिले तर टवटवीत दिसते. म्हणून या लेखात बेण्यावरील उष्णता प्रक्रियेचा, आणि त्यातही लोकांचे ज्याकडे लक्ष जात नाही त्या तापमान-नियंत्रकाच्या जुळवणीचा विचार करू. विषय यंत्राचा वाटेल. पण त्यातली चूक शेवटी आपल्याच वावरात उगवते, म्हणून तो सभासदांनी समजून घेतला पाहिजे.

१. रोग कोणता आणि ऊब कशासाठी?

गवताळ वाढ हा रोग आपण सर्वांनी पाहिला आहे. बेटातून बारीक, पांढरट-पिवळ्या पानांचे असंख्य फुटवे निघतात, त्यांचा ऊस होत नाही, बेट गवताच्या ठोंबासारखे दिसते. महाराष्ट्रात या रोगाची नोंद १९४९ साली बेलापूर भागात झाली. पुष्कळ वर्षे हा विषाणूचा रोग समजला जाई. १९६७ साली जपानी शास्त्रज्ञांनी झाडांतील अशा रोगांमागे निराळाच सूक्ष्म जीव असल्याचे दाखविले. त्याला आज फायटोप्लाझ्मा म्हणतात. तो उसाच्या अन्नरस वाहणाऱ्या नळ्यांत राहतो. वरून फवारलेले औषध तिथवर पोचत नाही.

दुसरा रोग खोडव्याच्या खुजेपणाचा. १९४०-५० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये तो प्रथम ओळखला गेला. हा जिवाणूचा रोग आहे, पानावर काही खूण दिसत नाही, फक्त ऊस बारीक आणि कांडी आखूड होते, खोडव्यात जास्तच. तो बेण्यातून पसरतो आणि बेणे तोडणाऱ्या कोयत्यावरूनही पसरतो.

या दोन्ही रोगांवर उपयोगी पडलेला उपाय म्हणजे उष्णता. रोगाचा जीव आणि उसाचा डोळा, दोघेही उष्णतेला भितात. पण रोगाचा जीव थोडा आधी मरतो. एवढ्या थोड्या फरकावर ही सारी प्रक्रिया उभी आहे. बेणे ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात दोन तास ठेवणे ही उष्ण-जल प्रक्रिया. ५४ अंशाच्या, वाफेने भरलेल्या हवेत अडीच तास ठेवणे ही उष्ण-बाष्प हवा प्रक्रिया. दुसरी पद्धत लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेने पुढे आणली. १९७५ साली स्थापन झालेली मांजरीची ऊस संस्था, म्हणजे आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, आणि पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र यांच्या कामामुळे बेणेमळ्याची शिस्त आपल्या राज्यात रुजली.

एक गोष्ट मात्र आधीच सांगून ठेवतो. मोझॅकसारख्या विषाणूवर या उबेचा भरवसा नाही. तिथे ऊतिसंवर्धित रोपेच घ्यावी लागतात. ऊब म्हणजे सगळ्या रोगांवरचा अंगारा नव्हे.

२. दोन अंशांची किंमत

आता खरी अडचण पाहा. संचाच्या दारावरचा काटा ५४ दाखवतो. पण आत सगळीकडे ५४ आहे का? समजा हीटरजवळच्या तबकात ५७ आहे आणि दाराजवळच्या खालच्या कोपऱ्यात ५१ आहे. सरासरी ५४ च भरेल! पण ५७ वर डोळे भाजले, आणि ५१ वर रोग वाचला. म्हणजे एकाच खेपेत दोन्ही नुकसान झाले.

यातून एक वाईट सवय लागते. शेतकरी तक्रार करतात की प्रक्रियेचे बेणे उगवत नाही. संच चालविणारा मग काटा हळूच ५४ वरून ५२ वर आणतो. उगवण सुधारते, सगळे खूश. पण आता जवळजवळ सगळेच बेणे अर्धवट तापलेले आहे. रोग दिसायला वर्ष-दोन वर्षे लागतात, तोवर काटा कोणी हलवला हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

हिशेब करून पाहू. एकरी दोन डोळ्यांची दहा हजार टिपरी लागतात. संचात सोळा तबके आहेत आणि त्यांतले एकच तबक थंड राहिले असे समजा. म्हणजे ६२५ टिपरी प्रक्रिया न झाल्यासारखीच. त्यांतली शेकडा चार रोगट असली तर २५ टिपरी झाली. आता बेणेमळ्याची साखळी पाहा : मूलभूत मळा, पायाभूत मळा, प्रमाणित मळा आणि मग आपले वावर. एका एकराचे बेणे पुढे आठ एकराला पुरते असे धरले तर त्या २५ ची पुढच्या टप्प्याला २००, मग १,६००, आणि आपल्या वावरात येईपर्यंत १२,८०० रोगट बेटे होतात. बेणेमळ्यात रोगट बेटे उपटली तर आकडा खाली येतो, हे खरे. पण रसशोषक तुडतुडे रोग आणखी पसरवतात, हेही तितकेच खरे.

म्हणून काटा वर ठेवावा की खाली, हा वादच चुकीचा आहे. संचाच्या सर्व कोपऱ्यांत अर्ध्या अंशाच्या आत सारखेपणा असेल तर ५४ वर निर्धास्त चालवता येते. डोळाही वाचतो आणि रोगही मरतो. सारखेपणा नसेल तर कोणताही अंश बरोबर ठरणार नाही.

३. कोरडी हवा का नको?

काही जण विचारतात, नुसती गरम हवा सोडली तर काय बिघडले? बिघडते ते असे. कोरडी हवा टिपऱ्याचे पाणी ओढून घेते, डोळा सुकतो. शिवाय पाणी उडताना टिपरे थंड होते, त्यामुळे हवा ५४ असली तरी टिपरे मागे राहते. वाफेने भरलेल्या हवेत उलट होते. थंड टिपऱ्यावर वाफेचे दव धरते आणि एक किलो वाफेचे पाणी होताना साडेपाचशेहून अधिक किलोकॅलरी उष्णता टिपऱ्याला मिळते. जे टिपरे जास्त थंड, त्याच्यावर दव जास्त. म्हणजे वाफ आपणहून थंड जागा शोधून तिथे ऊब देते. सारखेपणाला याहून मोठी मदत नाही.

वाफ पुरेशी आहे की नाही हे ओळखायला दोन साधे तापमापक पुरतात. एक कोरडा ठेवा, दुसऱ्याच्या गोळ्याला ओले फडके गुंडाळा. कोरडा ५४ आणि ओला ५३ दाखवत असेल तर आर्द्रता सुमारे ९५ टक्के आहे. फरक एक अंशापेक्षा जास्त झाला तर हीटर नव्हे, पाणी तपासावे.

४. नियंत्रक काय करतो : गुऱ्हाळाचा दाखला

आता नियंत्रकाकडे वळू. गुऱ्हाळ ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे समजायला वेळ लागणार नाही. कढईत रस उकळतो आहे, खाली चुलवाणात एक गडी जाळ घालतो आहे.

नवखा गडी काय करतो? रस थंड दिसला की चिपाड भसाभस कोंबतो, उतू आला की हात आखडतो. कढई एकदा उतू जाते, एकदा गार पडते. साधा चालू-बंद थर्मोस्टॅट असाच नवखा गडी आहे. ५४ ला हीटर बंद करतो, पण तापलेली कॉइल आणखी ऊब सोडत राहते आणि पारा ५६ वर जातो. मग उतरून ५२ झाल्यावर पुन्हा चालू.

जाणता गडी तीन गोष्टी पाहतो.

पहिली : किती कमी आहे? जास्त कमी असेल तर जाळ जास्त, थोडे कमी असेल तर जाळ थोडा. नियंत्रकात याला प्रपोर्शनल म्हणतात. त्याचा एक पट्टा असतो. पट्टा ४ अंशांचा ठेवला तर ५० अंशावर हीटर पूर्ण चालतो, ५२ वर अर्धा, ५४ वर शून्य. पण इथे एक गोम आहे. संच ५४ वर टिकवून धरायलाच समजा ३० टक्के हीटर लागतो. ५४ वर तर हीटर शून्य! मग पारा कुठे थांबेल? जिथे हीटर ३० टक्के चालतो तिथे, म्हणजे ५२.८ अंशावर. तो तिथे तासन् तास स्थिर राहील, चार्टवर रेघ सरळ दिसेल, आणि रोग मात्र मरणार नाही. सरळ रेघ म्हणजे बरोबर रेघ नव्हे, हे सर्वांनी लक्षात ठेवावे.

दुसरी : किती वेळ कमी आहे? थोडेच कमी, पण बराच वेळ कमी राहिले तर जाणता गडी जाळ हळूहळू वाढवतो. याला इंटिग्रल किंवा रीसेट म्हणतात. वरची १.२ अंशांची तूट हाच भरून काढतो. याचाही एक दोष आहे. संच तापताना सुरुवातीचा तासभर पारा खालीच असतो. तेवढ्या वेळात रीसेट आपली थकबाकी साठवत बसतो, आणि ५४ आल्यावरही ती वसूल केल्याशिवाय थांबत नाही. पारा मग ५६-५७ वर उडी मारतो. म्हणून तापण्याच्या काळात रीसेट रोखून धरण्याची सोय नियंत्रकात आहे का, हे पाहून घ्यावे.

तिसरी : किती वेगाने चढते आहे? रस भराभर वर येताना दिसला की जाणता गडी उतू जाण्याआधीच जाळ ओढतो. याला डेरिव्हेटिव्ह किंवा रेट म्हणतात. हा थोडाच असावा. जास्त झाला तर दार उघडल्याच्या झुळकेलाही दचकतो.

या तिन्हींच्या आद्याक्षरांवरून पी. आय. डी. हे नाव पडले. यात जादू काही नाही. चुलवाणापुढची अक्कलच आकड्यांत मांडली आहे.

५. आकडे कुठून आणायचे?

१९४२ साली अमेरिकेत झिग्लर आणि निकोल्स या दोन इंजिनियरांनी एक सोपी रीत सांगितली. ती आजही शिकवतात. रीसेट आणि रेट बंद करा. पट्टा हळूहळू अरुंद करत जा. एक वेळ अशी येते की पारा एकसारखा, न वाढता न घटता, वर-खाली झुलू लागतो. तेव्हाचा पट्टा आणि एका झोक्याला लागलेला वेळ, हे दोन आकडे टिपून घ्या. चालवायचा पट्टा त्याच्या सुमारे पावणेदोनपट, रीसेट वेळ झोक्याच्या निम्मा, रेट वेळ झोक्याचा आठवा हिस्सा.

उदाहरणार्थ १.८ अंशाच्या पट्ट्यावर पारा झुलू लागला आणि एक झोका १२ मिनिटांचा भरला. तर पट्टा सुमारे ३ अंश, रीसेट ६ मिनिटे, रेट दीड मिनिट. पण या रीतीने जुळवलेला संच पहिल्या चढाला जरा पुढे उडी मारतो. लोखंडाच्या भट्टीला ते चालेल, उसाच्या डोळ्याला चालणार नाही. म्हणून आपण पट्टा आणि रीसेट वेळ दोन्ही साधारण दुप्पट करून सुरुवात करावी. पारा सावकाश चढेल, पण ओलांडणार नाही.

अलीकडच्या नियंत्रकांत ऑटोट्यून नावाचे बटण असते. १९८४ साली स्वीडनच्या आस्ट्रॉम आणि हॅग्लुंड यांनी मांडलेल्या रीतीवर अशी पुष्कळ बटणे बेतलेली आहेत. त्यात नियंत्रक स्वतःच पारा मुद्दाम वर-खाली झुलवतो आणि आकडे काढतो. सोय चांगली आहे. पण झुलवताना पारा दोन-तीन अंश वर जाऊ शकतो. म्हणून ऑटोट्यून करताना आत खरे बेणे कधीही ठेवू नये. पण संच रिकामाही ठेवू नये! रिकाम्या कक्षाची जुळवणी भरलेल्या कक्षाला लागू पडत नाही. रिकामी बंडी आणि लादलेली बंडी एकाच कासऱ्याने हाकता येत नाही. टाकाऊ उसाची टिपरी पूर्ण भरून जुळवणी करावी.

६. अनेक चॅनेल, एकच खोली

मोठ्या संचात एक हीटर आणि एक सेन्सर पुरत नाही. चार किंवा सहा हीटर, तितकेच सेन्सर, आणि सर्वांना मिळून एक अनेक-चॅनेल नियंत्रक असतो. इथे नवीनच प्रश्न उभा राहतो. ओलिताच्या वेळी एका पाटाला चार बारे असतात. एका बाऱ्याचे पाणी वाढवले की बाकीच्यांचे कमी होते. प्रत्येक जण आपापल्या बाऱ्यापुरते पाहून खालीवर करू लागला तर कोणाचेच वावर सारखे भिजत नाही. चॅनेलचेही तसेच आहे. हवा एकच फिरते, त्यामुळे एका हीटरची ऊब शेजारच्या सेन्सरला लागते. चारही चॅनेल एकाच वेळी ऑटोट्यूनला लावले तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या झोक्यालाच आपला समजतो आणि आकडे निरर्थक येतात.

म्हणून पुढील क्रम धरावा.

(अ) आधी सेन्सर एकमताचे करा. सर्व सेन्सर एकाच थर्मासमध्ये, ५४ अंशाच्या आसपासच्या पाण्यात, खात्रीच्या तापमापकाशेजारी बुडवा. जो जितका चुकीचा दाखवेल तितकी दुरुस्ती त्याच्या चॅनेलवर घाला. पीटी-१०० जातीच्या सेन्सरचा रोध ० अंशाला १०० ओहम आणि ५४ अंशाला सुमारे १२०.९ ओहम असतो. म्हणजे अंशाला जेमतेम ०.३९ ओहम. दोन तारांच्या जोडणीत तारेचाच रोध १ ओहम असला तर पारा अडीच अंशांहून अधिक खोटा चढतो. म्हणून तीन तारांची जोडणी घ्यावी. वरच्या कलमात सांगितलेले एक थंड तबक कित्येकदा अशा खोट्या चढलेल्या सेन्सरमुळेच थंड राहते.

(आ) मग हवेची वाट मोकळी करा. तबके भिंतीला चिकटवू नयेत, टिपरी कोंबून भरू नयेत, दाराचे रबर फाटलेले नसावे, पंख्याची दिशा बरोबर असावी. हवा जिथे पोचतच नाही तिथे कोणताही नियंत्रक ऊब पोचवू शकत नाही. सेन्सर हीटरसमोर नको, टिपऱ्यांच्या मध्ये हवा. एक-दोन टिपऱ्यांना भोक पाडून बारीक सेन्सर आत खोचला तर हवा आणि ऊस यांतले अंतरही कळते.

(इ) आता एक-एक चॅनेल जुळवा. बाकीचे चॅनेल मवाळ आकड्यांवर, म्हणजे रुंद पट्ट्यावर चालू ठेवून खोली ४८ ते ५० अंशावर स्थिर करा. मग एकाच चॅनेलची जुळवणी करा. ती झाली की पुढचा. सर्व झाले की पहिल्यापासून पुन्हा एक फेरी करा, कारण शेजारी बदलला की आपलेही थोडे बदलते. सर्वांचे आकडे जवळपास सारखे आले पाहिजेत. एखाद्याचा आकडा फारच निराळा आला तर तिथे हीटर जळालेला, तार सैल किंवा हवा अडलेली आहे असे समजून तपासावे.

(ई) सगळ्यांनी बरोबरीने चढावे. सरळ ५४ चा हुकूम दिला तर वरचे तबक आधी पोचते आणि खालचे येईपर्यंत उगाच तापत बसते. त्याऐवजी हुकूम हळूहळू वाढवा, दोन मिनिटांना एक अंश या बेताने, आणि कोणताही चॅनेल दोन अंशांहून मागे पडला तर सर्वांनी थांबावे अशी आज्ञा नियंत्रकात घाला. पालखीत पुढचे भोई मागच्यांसाठी थांबतात, तसेच.

(उ) अडीच तास मोजायला केव्हा सुरुवात करायची? संच चालू केल्यापासून नव्हे, आणि पहिला सेन्सर ५४ ला पोचल्यापासूनही नव्हे. शेवटचा, सर्वांत थंड सेन्सर पोचल्यापासून.

(ऊ) नियंत्रकावर भरवसा ठेवा, पण त्याच्यावर एक पहारेकरी ठेवा. ५६-५७ अंशाला सर्व हीटर तोडणारा वेगळा थर्मोस्टॅट, वेगळ्या सेन्सरवर बसवा. कॉन्टॅक्टर चिकटून बसला तर नियंत्रक काहीच करू शकत नाही. कॉन्टॅक्टर असेल तर चालू-बंदचा फेरा २० ते ३० सेकंदांचा ठेवावा म्हणजे तो लवकर झिजत नाही. सॉलिड स्टेट रिले असेल तर एक-दोन सेकंद चालतो.

७. नागपूरकडची हवा आणि वीज

आपल्या भागात आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. नागपूरकडे उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो आणि हिवाळ्यात पहाटे १० च्याही खाली येतो. सुरू हंगामाची लागण नेमकी थंडीच्या दिवसांत सुरू होते. पहाटेचे बेणे १२ अंशाचे आणि दुपारचे २८ अंशाचे असू शकते.

एक टन बेण्याला एक अंश तापवायला साधारण ८५० किलोकॅलरी लागतात असे धरू. १२ वरून ५४ वर न्यायला ३५,७०० किलोकॅलरी, म्हणजे सुमारे साडेएकेचाळीस युनिट वीज. २४ किलोवॅटच्या हीटरला याला १ तास ४४ मिनिटे लागतात. दुपारचे २८ अंशाचे बेणे मात्र १ तास ४ मिनिटांत पोचते. भिंतींतून जाणारी ऊब यात धरलेली नाही, ती निराळीच. म्हणजे सकाळच्या आणि दुपारच्या खेपेत चाळीस मिनिटांचा फरक पडतो. घड्याळ लावून चार तासांनी दार उघडण्याची पद्धत इथे कशी फसते हे यावरून दिसेल.

दुसरी गोष्ट विजेच्या दाबाची. हीटरची ताकद दाबाच्या वर्गाने घटते. २३० व्होल्टचे २०० झाले तर दाब १३ टक्केच घटला, पण ऊब जवळजवळ चोवीस टक्क्यांनी घटते. २४ किलोवॅटचा हीटर १८ चा होतो. पहाटेच्या त्याच खेपेला मग पावणेदोन तासांऐवजी सव्वादोन तास लागतात. तीन फेजांपैकी एकाच फेजचा दाब पडला तर त्या फेजवरचे चॅनेल मागे राहतात आणि संच एका अंगाने थंड पडतो. म्हणून जुळवणी एकदा दुपारी आणि एकदा जानेवारीतल्या पहाटे, अशी दोनदा तपासून घ्यावी. मध्येच वीज गेली आणि सर्वांत थंड सेन्सर ५३ च्या खाली उतरला तर तेवढा वेळ मोजणीत धरू नये.

हाच नियम आपल्याला गाळपातही दिसेल. रस पहिल्या हीटरमध्ये ७० अंशाच्या आसपास आणि दुसऱ्यात १०० च्या थोडे वर नेतात. ऊब कमी पडली तर मळी नीट बसत नाही, आणि रस गरम अवस्थेत जास्त वेळ राहिला तर साखर फुटते व रंग चढतो. तिथेही वर-खाली होणाऱ्या पाऱ्याने नुकसान सर्वांचेच होते.

८. सभासदाने काय पाहावे?

हे सर्व काम संच चालविणाऱ्याचे आहे, आपण काय करणार, असे कोणी म्हणेल. पण बेणे उचलताना पुढील गोष्टी विचारायला कोणाची परवानगी लागत नाही.

(१) खेपेचा चार्ट पाहावा. एक रेघ नव्हे, सर्व चॅनेलच्या रेघा पाहाव्यात. त्या अडीच तास एकमेकींना चिकटून असल्या पाहिजेत.

(२) मोजणी कोणत्या सेन्सरपासून धरली ते विचारावे.

(३) ओल्या-कोरड्या तापमापकांतला फरक विचारावा.

(४) सेन्सर शेवटचे केव्हा ताडून पाहिले त्याची तारीख विचारावी.

(५) स्वतःची परीक्षा घ्यावी. संचाच्या चार कोपऱ्यांतून आणि मधून पन्नास-पन्नास टिपरी वेगळी मागून घ्यावीत आणि वाफ्यात वेगवेगळ्या ओळींत लावावीत. सहावी ओळ प्रक्रिया न केलेल्या त्याच बेण्याची. महिन्याभरात डोळे मोजावेत. एखाद्याच कोपऱ्याची ओळ पडली तर तिथे ऊब जास्त झाली. पुढे गवताळ फुटवे एखाद्याच ओळीत दिसले तर तिथे ऊब कमी पडली. यंत्राचा काटा चुकेल, वाफा चुकत नाही.

आणि आपल्याकडूनही काही गोष्टी व्हायला हव्यात. बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे असावे. फार कोवळ्या डोळ्याला ही ऊब सोसत नाही. तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत प्रक्रिया व्हावी. दूरवरून ट्रकने आणलेले, दोन दिवस उन्हात पडलेले बेणे संचाने सुधारत नाही. बाहेर काढल्यावर सावलीत निवू द्यावे, नंतर शिफारशीप्रमाणे बुरशीनाशकाच्या द्रावणात बुडवून लावावे. कोयता मध्ये मध्ये उकळत्या पाण्यात धरावा. आणि बेणेमळ्यात गवताळ बेट दिसले की दयामाया न करता मुळासकट उपटून जाळावे.

प्रक्रियेचे बेणे उगवले नाही म्हणून काटा खाली आणा, असा आग्रह कृपा करून कोणी धरू नये. त्याऐवजी सगळे कोपरे सारखे करा, असा आग्रह धरावा. पहिल्या आग्रहाने यंदाची उगवण वाढेल आणि पुढचे तीन खोडवे जातील. दुसऱ्या आग्रहाला एक दिवसाची जुळवणी, थर्मासभर गरम पाणी आणि बंडीभर टाकाऊ ऊस एवढाच खर्च आहे.

वाफ्यातल्या सहा ओळींची परीक्षा ज्यांनी घेतली असेल त्यांनी आपले आकडे गट कार्यालयात आणून द्यावेत. पाच-पन्नास वावरांचे आकडे एकत्र आले तर संचाचा कोणता कोपरा थंड आहे हे आपल्याला चार्ट न उघडताही सांगता येईल.